माझ्या गाडीतले चेअरमन

आमचे चेअरमन आयुष्यात कुठल्याही संस्थेचे चेअरमन नव्हते. गावच्या सोसायटीच्या निवडणुकीला ते एकदा उभे राहिले. मतमोजणीच्या आदल्या दिवशीच मित्रमंडळींनी उत्साहाच्या भरात ‘चेअरमनपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ असा फ्लेक्स कोल्हारहून छापून आणला, आणि दुसऱ्या दिवशी चेअरमन सपाटून पडले. फ्लेक्स चांगला जाड होता, टाकून देणं कुणाच्या जिवावर येईना. मग तो पावसाळ्यात आमच्या गोठ्यावर चढला. रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला म्हशींच्या डोक्यावर हात जोडून हसणारे चेअरमन दिसायचे. नाव पडलं ते पडलंच. निवडून आलेल्या माणसाला गावात ‘खरे चेअरमन’ म्हणावं लागायचं, कारण नुसतं चेअरमन म्हटलं की लोक आमच्या घराकडे बोट दाखवायचे. मी त्यांची एकुलती एक लेक. तोंडावर त्यांना आप्पा म्हणायचे, पण पाठीमागे मीही चेअरमनच म्हणायचे आणि आईसुद्धा. ते जाऊन आता काही वर्षं झाली, तरी आम्हा मायलेकींच्या बोलण्यात ते अजून चेअरमनच आहेत.

पद नव्हतं, पण पदाची कामं ते नेमानं करायचे. त्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे दहाव्याला जाणं. आमच्या भागात माणूस गेला की दहाव्या दिवशी सकाळी नदीच्या घाटावर विधी होतो. तसा तो सगळीकडेच होतो, पण आमच्याकडे त्याला मांडव असतो, सतरंज्या असतात आणि मुख्य म्हणजे माइक असतो. आधी महाराजांचं प्रवचन, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजली. कावळा पिंडाला शिवेपर्यंत बोलायचं, असा साधारण हिशेब. प्रत्यक्षात कावळा येतो, शिवतो, पोटभर खाऊन उडून जातो, तरी वक्ते संपत नाहीत. ज्याला राजकारणात टिकायचंय त्याचं एखादं लग्न चुकलं तर लोक माफ करतात. दहावा चुकला तर करत नाहीत. चेअरमन म्हणायचे, “लग्नात लोक जेवान बघत्यात. दहाव्याला कोन आलं अन् कोन न्हाई, ते बघत्यात.”

आणि या सगळ्या दहाव्यांमध्ये चेअरमनचा विषय एकच असायचा: अल्लड वयातल्या पोरांच्या हातात आईबापांनी गाडी द्यावी का? मयत व्यक्ती कोण आहे याचा त्यांच्यावर काही परिणाम होत नसे. नव्वदीच्या म्हातारीला श्रद्धांजली वाहतानाही ते म्हणायचे, “मातोश्री आयुष्यभर पायी चालल्या. कधी गाडीचा हट्ट धरला नाही. आणि आजची पिढी?” की मग गाडी लागलीच रुळावर. घरात ‘हाय-न्हाई’ बोलणारे चेअरमन माइक हातात आला की ‘आहे-नाही’ बोलायला लागायचे, आवाजही थोडा जाड व्हायचा. “बंधू-भगिनींनो, बाप पोराच्या हातात चावी देतो. चावी देताना शोरूममध्ये फोटो काढतो. पण रात्री पोरगं घरी येईपर्यंत माय दारात उभी राहते, तिचा फोटो कुणी काढत नाही.” या वाक्याला बायका पदर डोळ्याला लावायच्या. खरं सांगायचं तर मलाही ते वाक्य आवडायचं. चेअरमन जे बोलायचे त्यात चूक काही नव्हतं. चूक एवढीच की ते दर वेळी बोलायचे.

विषय हवेतला नव्हता. आमच्याकडे दहावी झाली की पोराला दुचाकी आणि बारावी झाली की चारचाकी, असा नवा संस्कारच सुरू झाला होता. निकाल काय लागला ते कुणी विचारत नसे. श्रीरामपूरच्या शोरूममध्ये सगळं कुटुंब जायचं, गाडीवरचं मखमली कापड ओढलं जायचं, पुठ्ठ्याची दारापेक्षा मोठी चावी हातात धरून फोटो निघायचा, आणि संध्याकाळी गावात त्याचा फ्लेक्स लागायचा. लायसनचं विचारलं तर बाप म्हणायचा, “निघंल की. गाडी आधी आली म्हणून काय झालं.” खऱ्या चेअरमननी तर पोरगं अजून अकरावीत असतानाच त्याला गाडी घेतली. प्रतीक त्याचं नाव. त्याच्या गाडीचा हॉर्न असा होता की म्हशी दूध द्यायच्या थांबायच्या.

आता हे असं भाषण करणाऱ्या माणसानं स्वतःच्या पोरीला गाडी का घेतली, ते सांगते. चेअरमनना स्वतःला गाडी येत नव्हती. तरुणपणी त्यांनी ट्रॅक्टर शिकायचा प्रयत्न केला आणि तो सरळ पाटात घातला. पाट तेव्हा भरून चालला होता. तेव्हापासून त्यांनी स्टेअरिंगला हात लावला नाही. दहाव्याला ते कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जायचे, आणि ज्याच्या मागे बसायचं त्याच्या धारा काढून व्हायला हव्यात, त्याचा चहा व्हायला हवा. मग पोचायला उशीर. एकदा देवळाली प्रवऱ्याला ते पोचले तेव्हा सूत्रसंचालक म्हणाला, “वेळेअभावी उरलेल्या मान्यवरांच्या वतीनं मीच श्रद्धांजली वाहतो.” चेअरमन तसेच घरी आले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आईला म्हणाले, “शीतलला गाडी घ्यायची म्हन्तो. पोरीच्या जातीनं पन पुढं गेलं पायजे.”

मी तेव्हा बारावीला होते आणि मला नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली होती. चेअरमन या बाबतीत पक्के होते. लायसन हातात पडेपर्यंत त्यांनी शोरूमचं नावसुद्धा काढू दिलं नाही, कारण भाषणातला ‘अल्पवयीन’ हा शब्द त्यांना जपायचा होता. लायसन आलं आणि त्याच आठवड्यात दारात पांढरी गाडी आली. शोरूमच्या फोटोत चेअरमन मधोमध आहेत, चावी त्यांच्या छातीवर आहे, आणि उजव्या कडेला जो अर्धा खांदा दिसतो तो माझा. समोरच्या काचेवर त्यांनी रेडियमच्या अक्षरांत ‘चेअरमन’ लिहून घेतलं. गाडी माझी होती याला पुरावा एवढाच की डिझेल टाकायला मी उतरायचे. आईनं ओवाळलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, “तुमी पोरीला गाडी न्हाई घेतली. गाडीला पोरगी लावली.” चेअरमननी ऐकलं नाही असं दाखवलं.

गावात मात्र त्यांचं फार नाव झालं. ‘पोरीला गाडी देणारा बाप’ म्हणून शाळेनं त्यांचा सत्कार केला. फक्त पारावर खऱ्या चेअरमननी त्यांना गाठलंच. “काय चेअरमन, भाषनात म्हन्ता पोरांना गाडी देऊ नका, अन् दारात गाडी?” चेअरमन जराही डगमगले नाहीत. “भाषन समाजासाठी अस्तं,” ते म्हणाले, “घरी प्रपंच अस्तो.” खऱ्या चेअरमननी मान डोलावली, कारण त्यांचंही तेच धोरण होतं.

अशी मी वयाच्या अठराव्या वर्षी चेअरमनची ड्रायव्हर झाले. सकाळी उजाडायच्या आत निघायचं. आज बेलापूर, उद्या राहुरी, परवा कोल्हारचा घाट. मधल्या दिवशी साखरपुडे, वास्तुशांती, आणि घोडेगावच्या बाजाराला गावातल्या कुणाची तरी म्हैस बघायला, कारण तो कुणीतरी मतदार होता. चेअरमन मागे डाव्या बाजूला बसायचे. मान्यवर तिथं बसतात म्हणे. एसी लावू द्यायचे नाहीत. धुळीनं माझे केस राखाडी व्हायचे, पण काच खालीच. “काच वर केली तर आपन गेलो ते लोकान्ला कळनार कसं?” त्यांचं म्हणणं. त्यांना गाडी येत नसली तरी चालवणाऱ्याला दोन सूचना येत होत्या: ‘दाब’ आणि ‘हळू’. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या डुलत चाललेल्या असताना या दोन्ही सूचना ते एका श्वासात द्यायचे. मी कुठली ऐकायची हे माझ्यावर सोडलेलं असायचं.

घाटावर पोचलं की ते आत जायचे आणि मी गाडीत. पहिल्या दिवशी मला वाटलं मी एकटीच असेन. बघते तर गाड्यांची रांग, आणि प्रत्येक गाडीत माझ्याच वयाचं एक पोरगं सीट मागं टाकून झोपलेलं. कुणी सरपंचाचं, कुणी संचालकाचं. ज्यांना शोरूममध्ये पुठ्ठ्याची चावी मिळाली होती ती ही सगळी मंडळी. आत त्यांचे बाप लाउडस्पीकरवरून सांगत होते की आजची पिढी गाड्या उडवत फिरते. आजची पिढी बाहेर तोंडावर रुमाल टाकून घोरत होती. प्रतीक मला म्हणाला, “ताई, दहावीत वाटायचं गाडी मिळाली की गोव्याला जाऊ. आत्तापस्तोर कोपरगावच्या पुढं न्हाई गेलो. ते पन तेराव्याला.”

मी झोपत नसे. मी अभ्यास करायचे. स्टेअरिंगवर पुस्तक टेकवून मी प्रवेशपरीक्षेची गणितं सोडवली, आणि कानावर महाराजांचं ‘देह हा नाशवंत आहे’ पडत राहायचं. एखादं गणित सुटलं नाही की ते वाक्य पटायचं. मला पुण्याला जायचं होतं, इंजिनिअरिंगला. हे मी कुणाला मोठ्यानं सांगितलं नव्हतं, पण आत पक्कं होतं. मला दुसरं काही नकोच होतं. मला सकाळी उठून, कुणालाही कुठंही न सोडता, स्वतःच्या कामाला जायचं होतं.

निकाल लागला, यादी लागली, पुण्याच्या कॉलेजात नंबर लागला. मी घरी सांगितलं तेव्हा चेअरमन चहा पीत होते. बशी खाली ठेवून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “अन् गाडी कोन चालवनार?”

आई चुलीपाशी होती, तिनं भाकरी थापायची थांबवली. चेअरमनच्याही लक्षात आलं की हे भलतंच बोलून गेलो. मग त्यांनी सारवासारव केली. “म्हंजी, तुला गाडी कशापायी घेतली? रोज जाऊन-येऊन शिकायला. हितं जवळपास कालेजं काय कमी हायेत? पुन्यात काय ठेवलंय?”

“आप्पा, गाडी माझी आहे ना?”

“हाय की.”

“मग कुठं न्यायची ते मी ठरवते.”

“ठरव ना. तुला कोन अडवतंय. एवढा मोठ्या साहेबांच्या मातोश्रींचा दहावा होऊन जाऊ दे, मग बसून ठरवू.”

मोठे साहेब म्हणजे आमच्या भागातले वजनदार पुढारी. त्यांची आई गेली होती आणि पुण्याला प्रवेश पक्का करायची शेवटची तारीख नेमकी दहाव्याच्या दिवशी होती, दुपारपर्यंत. त्या दिवशी कागदपत्रं घेऊन स्वतः हजर राहिलं नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. हे मी सांगितलं. “बघू,” चेअरमन म्हणाले. आमच्या घरात ‘बघू’चा अर्थ सगळ्यांना माहीत होता. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. गाडी चालवायचे, पण तोंडातून शब्द काढत नसे. ड्रायव्हरनं बोलू नये असंच त्यांना वाटत असावं, कारण ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

त्या दहाव्याची तयारी मात्र त्यांनी लग्नासारखी केली. कारण असं होतं की वक्त्यांच्या यादीत त्यांचं नाव होतं. आमदार, माजी आमदार, कारखान्याचे संचालक, आणि त्यांच्या मधोमध आमचे चेअरमन. ते कसं आलं ते देवाला ठाऊक. यादी करणाऱ्यानं बहुधा ‘चेअरमन’ हे नाव वाचून त्यांना खरोखरच चेअरमन समजलं असावं. ते काही का असेना, एवढ्या मोठ्या माइकवर बोलायची संधी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळत होती. धोतर कडक इस्त्रीचं, टोपी नवी, आणि आरशासमोर ते आदल्या दिवसापासून ओठ हलवत होते.

सकाळी मी गाडी काढली तेव्हा मागच्या सीटवर माझी बॅग आणि कागदांची पिशवी होती. आईनं ठेवली होती, न सांगता. चेअरमन आपल्या जागेवर बसायला आले तर जागेवर बॅग. त्यांनी ती बॅग बघितली, हातानं थोडी सरकवली आणि बाजूला बसले.

घाटावर माणूस मावत नव्हता. गाड्या पार रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. प्रवचन लांबलं. मग भाषणं सुरू झाली. प्रत्येक वक्ता ‘मी फार वेळ घेणार नाही’ म्हणायचा आणि मग घ्यायचा. मी गाडीत बसून घड्याळ बघत होते. इथून पुणं म्हणजे नगर ओलांडून, शिरूर ओलांडून, किती खड्डे आणि किती ट्रॉल्या, हे सगळं मनात मोजत होते. आणि मला कळून चुकलं होतं की भाषणं संपल्यावर मोठ्या साहेबांना भेटायची रांग असणार, चेअरमन त्या रांगेत उभे राहणार, आणि माझी जागा गेली. प्रतीक शेजारच्या गाडीत होता. तो म्हणाला, “ताई, तू निघून जा ना सरळ. येतील ते कुनाच्या बी गाडीत.” मला तो विचार सुचला नव्हता असं नाही. चावीवर हातही होता. पण त्यांना तिथं असं टाकून जायला मन धजेना. मी स्टेअरिंगवर डोकं ठेवलं आणि रडले.

तेवढ्यात लाउडस्पीकरवर त्यांचं नाव आलं. मग त्यांचा जाड आवाज. “बंधू-भगिनींनो, मातोश्री आयुष्यभर पायी चालल्या. आणि आज आपण पोरांच्या हातात गाडी देतो. चावी देताना शोरूममध्ये फोटो काढतो...” आणि आवाज थांबला. मला वाटलं माइक गेला. मग आवाज आला तो चेअरमनचा नव्हता, आमच्या घरातल्या आप्पांचा होता.

“माझी पोरगी भाईर गाडीत बसलीया,” ते म्हणाले. “तिला आज पुन्याला पोचायचंय. न्हाई पोचली तर तिची जागा जाती. मला ठाव हाय, तरी मी हितं आलो. भाईर जाऊन बघा, आपल्या सगळ्यांची पोरं गाड्यांत बसल्यात. आपन त्यांना गाडी दिली न्हाई, आपन त्यांना कामाला लावलं. अन् वर त्यांच्याच नावानं बोलतोय. मातोश्रींना श्रद्धांजली. मी निघतो.”

मी आरशात बघितलं तर चेअरमन धोतराचा सोगा हातात धरून गाड्यांच्या रांगेतून जवळजवळ पळत येत होते. त्यांनी मागचं दार उघडलं नाही. पुढचं उघडलं, माझ्या शेजारी बसले आणि धापा टाकत म्हणाले, “दाब.” त्या दिवशी ‘हळू’ त्यांनी एकदाही म्हटलं नाही. एरवी ते नगरच्या अलीकडे चहाला उतरल्याशिवाय पुढं जात नसत. त्या दिवशी पाणीसुद्धा मागितलं नाही.

आम्ही पोचलो. कार्यालयाची खिडकी बंद व्हायच्या बेतात होती, पण पोचलो. सह्या झाल्या, शिक्के झाले. हडपसरला मामाकडे सामान टाकलं. मामीनं चहा दिला आणि सहज विचारलं, “भाऊजी, आता गाडी परत कोण नेणार?” चेअरमननी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. इतक्या घाईत हा विचार आम्हा दोघांनाही शिवला नव्हता. पोरीला सोडायला गाडीत बसून आलेला बाप, आणि गाडी चालवायला येते ती फक्त पोरीलाच. मी म्हटलं, “शनिवारी मी आणून सोडते, नाहीतर कुणीतरी ड्रायव्हर बघू.”

“नको,” चेअरमन म्हणाले.

“का?”

“गाडी दारात आली की मला दहावे दिसायला लागतील. मग मी तुला फोन करनार. एक दिवस ये म्हनीन, मग दोन दिवस ये म्हनीन. तू बी येशील.” त्यांनी बशी पालथी घातली. “मला माझा भरोसा न्हाई, शीतल. गाडी तुझी हाय, तुझ्याकडंच राहू दे.”

मी त्यांना स्टँडवर सोडलं. कडक इस्त्रीचं धोतर आता चुरगळलं होतं. कोपरगावच्या गाडीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी होते. आजवर त्यांना कुठं कुठं सोडलं होतं, पण सोडून पाय निघेना असं त्याच दिवशी झालं. बस निघाली तेव्हा ते मला हातानं खूण करत होते की जा, उन्हात उभी राहू नको.

यापुढे चेअरमन सुधारले असं वाटत असेल तर तसं काही नाही. महिनाभरात त्यांनी दुसरी गाडी गाठली, तीही खऱ्या चेअरमनची. भाषणाचं मोठं नाव झालं होतं, मोठ्या साहेबांनीसुद्धा म्हणे नंतर चौकशी केली, तेव्हा खरे चेअरमन त्यांना शेजारी बसवून न्यायला लागले. गाडी अर्थात प्रतीक चालवायचा. आणि वर्षाच्या आत प्रतीक नाशिकला हॉटेलचं शिकायला गेला. त्याच्या बापाला पटवायला चेअरमन चार संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले होते. ‘पोरगं गाडी बरी चालवतं, पन त्याचं मन चुलीत हाय,’ असं काहीतरी ते म्हणाले. पुढच्या वर्षी सरपंचाच्या पोराचं तेच झालं. ज्या पोराच्या गाडीत चेअरमन बसायचे त्याला ते वाटेत विचारायचे, “तुला काय व्हायचंय रं?” पोरांना असं आधी कुणी विचारलेलं नसायचं.

मग पारावर खऱ्या चेअरमननी सगळ्यांना सावध केलं, “चेअरमनला गाडीत घेऊ नका. पोरगं हातचं जातं.” गावानं ते मनावर घेतलं. चेअरमन दारात दिसले की कुणाची गाडी पंक्चर असायची, कुणाची सर्व्हिसिंगला, कुणाच्या पोराची परीक्षा. दारोदार गाड्या उभ्या असलेल्या गावात चेअरमन फाट्यावर एसटीची वाट बघत उभे राहायला लागले. एसटी उशिरा यायची, त्यामुळे माइक मिळायचा नाही. फोनवर मला म्हणाले, “आता बोलायला न्हाई मिळत. मागं बसून ऐकतो.” मी विचारलं, “कसं वाटतं?” म्हणाले, “लोक लई बोलत्यात गं.”

ते गेले त्याच्या आधीच्या दिवाळीत मी गाडी घेऊन घरी आले होते. नोकरी लागलेली, सुट्टी मोजून मिळालेली. दुसऱ्या दिवशी बेलापूरला दहावा आहे असं आईच्या बोलण्यातून कळलं. मी म्हटलं, “आप्पा, सकाळी मला हाक मारा, मी नेते.” ते “बरं” म्हणाले. सकाळी जाग आली तेव्हा उन्हं अंगणात आली होती. आई म्हणाली, “ते गेले एसटीनं. तुझ्या खोलीपर्यंत आल्ते. म्हन्ले, झोपू दे तिला, कामाला जाती रोज.”

गाडी दारात उभी, आणि ते फाट्यावर तिष्ठत उभे राहिले असणार. मला इतकं वाईट वाटलं की मी चहासुद्धा घेतला नाही. तशीच चावी घेतली आणि बेलापूरचा घाट गाठला. मांडवात डोकावले तर चेअरमन शेवटच्या सतरंजीवर, म्हाताऱ्यांच्या घोळक्यात, गुडघे पोटाशी घेऊन दुसऱ्या कुणाचं तरी भाषण ऐकत होते. मी बाहेर येऊन गाडीपाशी थांबले. सगळं आटोपल्यावर ते रस्त्याकडे वळले आणि मला बघून जागच्या जागी थबकले.

“तू कशाला आलीस?” ते म्हणाले. “मी काय बोलावलं व्हतं का?”

“नाही,” मी म्हटलं. “म्हणून आले.”

ते पुढं येऊन शेजारी बसले. घर येईपर्यंत त्यांनी मला एकही सूचना केली नाही. तोंड खिडकीकडे केलं होतं, पण रडत होते ते मला दिसत होतं. मी गाडी हळूच चालवली.